टपालानें उघडलेलें बचत-खातें

इंग्लंडांतील एखाद्या खेड्यांत एक निवृत्त शिक्षक टेबलाशीं बसला आहे. समोर छापील अर्ज, हातांत दोनशें पौंडांचा चेक, आणि बाजूला तिकीट लावलेलें पाकीट. ज्या पेढीचें दार त्यानें कधीं ओलांडलें नाहीं, जिच्या कारकुनाचें तोंड कधीं पाहिलें नाहीं, तिच्या हवालीं तो आपली बचत करणार आहे. पैसा हातोहात द्यावा आणि पावती तेथल्या तेथें घ्यावी, हा व्यवहाराचा जुना शिरस्ता. तो सोडून कागदाचा एक तुकडा रस्त्यावरच्या लाल पेटींत टाकायचा आणि स्वस्थ झोंपावयाचें, हें धाडस माणसाला कशाच्या जोरावर करतां येतें? या प्रश्नाचें उत्तर समजलें म्हणजे टपालानें खातें उघडण्याच्या सर्व नियमांचें मर्म समजलें.

हें मर्म पहिल्यानें ध्यानांत आलें तें एका कटु अनुभवानंतर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ब्रिटनमध्यें गरिबांसाठीं विश्वस्तांच्या बचत-बँका होत्या. गांवांतील प्रतिष्ठित मंडळी त्या चालवीत आणि मजूर, मोलकरणी व कारागीर आपले शिलिंग तेथें नेऊन ठेवीत. पण १८४९ सालीं रॉचडेल येथील अशा एका बँकेंत प्रचंड अफरातफर उघडकीस आली. पासबुकांतील आंकडे एक सांगत होते आणि बँकेच्या वह्या दुसरेंच सांगत होत्या. पुढें हडर्सफील्ड येथील बँक-अधिकारी चार्ल्स विल्यम साइक्स यांनीं गांवोगांवच्या टपाल-कचेऱ्यांतूनच सरकारनें बचत स्वीकारावी अशी सूचना केली. अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनीं ती उचलून धरली, कायदा झाला, आणि १६ सप्टेंबर १८६१ रोजीं पोस्टाची बचत-बँक सुरू झाली. किमान ठेव एक शिलिंग. व्याज दर साल दर शेंकडा अडीच.

या योजनेंतील खरी खुबी व्याजांत नव्हती. गांवच्या पोस्टमास्तरानें पासबुकांत रकम मांडली तरी काम पुरें होत नसे. प्रत्येक ठेवीची पोंच लंडनच्या मुख्य कचेरीकडून ठेवीदाराच्या पत्त्यावर निराळी येई. ती ठराविक दिवसांत आली नाहीं तर ठेवीदारानें चौकशी करावी असा दंडक होता. म्हणजे पैसे घेणारा एक आणि पोंच देणारा दुसरा! एकाच्या हातून चूक वा लबाडी झाली, तर दुसऱ्याच्या पत्रानें ती उघडी पडावी. दूर असलेल्या पेढीवर विश्वास ठेवतां येतो तो असा. माणसाच्या चेहऱ्यावरून नव्हे, तर लेखी पोंच मिळेल या खात्रीवरून.

आपल्या शिक्षकाचा अर्ज मात्र पोस्टाच्या बँकेस नव्हे, एका बिल्डिंग सोसायटीस जावयाचा आहे. बिल्डिंग सोसायटी म्हणजे सभासदांच्या ठेवींतून सभासदांस घरासाठीं कर्ज देणारी मंडळी. हिचा उगम १७७५ सालीं बर्मिंगहॅम येथील गोल्डन क्रॉस या खाणावळींत झाला. तेथें जमणारे गृहस्थ दरमहा वर्गणी काढीत, आळीपाळीनें एकेकाचें घर उभें राही, आणि सर्वांचीं घरें झालीं कीं मंडळी विसर्जित होई. महाराष्ट्रांतील भिशीशीं या पद्धतीचें नातें कोणासही ओळखतां येईल. पुढें कायमच्या सोसायट्या निघाल्या. १९०० सालीं त्यांची संख्या दोन हजारांहून अधिक होती. आज ती चाळीसच्या आसपास उरली आहे. त्यांतील कित्येकींच्या शाखा एकाच परगण्यांतील थोड्या गांवांत असतात. म्हणूनच दूरच्या ठेवीदारासाठीं टपालाचा मार्ग अजून उघडा राहिला आहे.

त्यानें निवडलेलें खातें नियमित बचतीचें आहे. यांत दरमहा ठराविक मर्यादेपर्यंत रकम भरावयाची, बहुधा एक वर्ष, आणि त्याबद्दल साध्या खात्याहून चढें व्याज मिळावयाचें. येथें पुष्कळांची गैरसमजूत होते. उदाहरणादाखल, दरमहा दोनशें पौंड आणि व्याज दर साल दर शेंकडा सहा असें धरूं. वर्षाचे २४०० पौंड. त्यांवर शेंकडा सहानें १४४ पौंड मिळतील असा हिशेब ठेवीदार मनाशीं करतो, आणि वर्षाअखेर हातीं ७८ पौंड पडले म्हणजे आपण फसलों असें त्याला वाटतें. वस्तुतः यांत फसवणूक नाहीं. पहिला हप्ता बारा महिने खात्यांत राहिला, दुसरा अकरा, आणि शेवटचा अवघा एक. बारापासून एकपर्यंतच्या आंकड्यांची बेरीज ७८. दोनशें पौंडांवर महिन्याचें व्याज एक पौंड. म्हणून ७८ महिन्यांचे ७८ पौंड. दर खराच सहा आहे, पण सर्व रकम सर्व काळ तेथें नव्हती. या खात्याचा लाभ ज्याच्यापाशीं दरमहा नवी शिल्लक पडते त्यालाच खरा. ज्याच्यापाशीं एकरकमी पुंजी आहे, त्यानें उरलेली रकम दुसरीकडे किती व्याज मिळवील हेंही पाहिलें पाहिजे.

आतां चेककडे वळावें. चेक हा पैसा नव्हे. आपल्या बँकेस दिलेला तो लेखी हुकूम आहे. ब्रिटनमध्यें अद्याप जतन झालेल्या अतिप्राचीन चेकांपैकीं एक १६५९ सालचा असून तो चारशें पौंडांचा आहे. हुकूम म्हटला कीं तो संदिग्ध असतां कामा नये. रकम अक्षरीं व अंकीं सारखीच लिहावी. मागें-पुढें मोकळी जागा राहिल्यास तेथें रेघ ओढावी. तारीख त्या दिवसाची घालावी. नांवाच्या ओळींत नुसतें सोसायटीचें नांव लिहूं नये; त्यापुढें ज्याचें खातें त्याचेंही नांव लिहावें. सोसायटीकडे रोज अनेक चेक येतात. नुसत्या सोसायटीच्या नांवाचा चेक कोणा लबाडाच्या हातीं पडला, तर तो त्याच सोसायटींतील स्वतःच्या खात्यांत भरण्याची त्याला संधि मिळते. ठेवीदाराचें नांव जोडलें कीं ती वाट बंद होते.

चेकवर दोन समांतर रेघा आणि त्यांमध्यें ‘अकाउंट पेयी’ हे शब्द असतात, त्यांचेंही कारण हेंच. १९९२ च्या कायद्यानें ब्रिटनमध्यें या शब्दांस पक्कें बळ आलें. असा चेक दुसऱ्याच्या नांवें फिरवितां येत नाहीं. ज्याचें नांव असेल त्याच्याच खात्यांत तो जमा झाला पाहिजे. नोटा पाकिटांत घालून पाठविणें आणि असा चेक पाठविणें यांतील अंतर येथें आहे. नोट चोरीला गेली तर ती गेलीच. चेक हरवला तर बँकेस कळवून तो अदा होण्यापूर्वीं थांबवितां येतो.

चेकबरोबर अर्ज जातो. त्यांत पूर्ण नांव, जन्मतारीख, पत्ता, आणि पुढें पैसे परत घ्यावयाचे त्या बँक-खात्याची माहिती असते. चेक शक्यतों त्याच खात्यावरचा असावा. नांव जुळलें म्हणजे पेढीचीही खात्री पटते. ओळखीचा पुरावा मागितला जातो तो उगाच नव्हे. काळ्या पैशास आळा घालणाऱ्या नियमांनुसार पेढीला आपला ठेवीदार कोण हें पडताळून पाहावेंच लागतें. तशी पडताळणी कागदोपत्रीं न जमल्यास पासपोर्टासारख्या पत्राची प्रमाणित नक्कल मागवितात. मूळ पत्र न मागतां पाठवूं नये.

सर्वांत अधिक घोंटाळा होतो तो तारखेचा. पाकीट पेटींत पडलें तो दिवस खातें उघडल्याचा दिवस नव्हे. टपालाचे दोन-तीन दिवस, अर्ज तपासण्याचे कांहीं दिवस, आणि मग चेक वटण्याचा काळ. व्याज चेक पोंचल्यापासून कीं वटल्यापासून, हें प्रत्येक पेढीच्या नियमांत पाहावें. दर आकर्षक असला तर खातें अचानक बंदही होतें. अर्ज वाटेंत असतां तसें झालें, तर चेक परत येण्याचा संभव असतो. म्हणून अर्जाची आणि चेकची नक्कल घरीं ठेवावी, चेकचा क्रमांक टिपून ठेवावा, आणि आठ-दहा दिवसांत पोंच न आल्यास विचारणा करावी. हाच तो १८६१ सालचा दंडक!

चेक वटण्याचें काम मात्र आतां झपाट्यानें होतें. १७७० च्या सुमारास लंडनच्या बँकांचे कारकून लोंबार्ड स्ट्रीटजवळील एका मद्यगृहांत भेटून एकमेकांच्या चेकांची अदलाबदल करीत. त्यांतूनच पुढें क्लिअरिंग हाऊस निघालें. ३० ऑक्टोबर २०१७ पासून तेथें चेकचा कागद न नेतां त्याची प्रतिमाच विजेच्या मार्गानें पाठविण्यास प्रारंभ झाला. आज भरलेल्या चेकचा निकाल दुसऱ्या कामाच्या दिवसाअखेर लागतो.

ही सोय नाहींशी होण्याचीही वेळ आली होती. २००९ सालीं ब्रिटनच्या पेमेंट्स कौन्सिलनें २०१८ मध्यें चेकची पद्धति बंद करण्याचा बेत जाहीर केला. परंतु वृद्ध माणसें, धर्मादाय संस्था आणि छोटे व्यापारी यांचा चेकवांचून कसा निभाव लागणार, असा ओरडा झाला. आणि जुलै २०११ मध्यें तो बेत सोडून द्यावा लागला. यंत्राशीं ज्यांची मैत्री झाली नाहीं, ज्यांच्या गांवची शाखा उठून गेली, त्यांच्या दृष्टीनें चेक आणि पाकीट हाच पेढीचा दरवाजा आहे.

महाराष्ट्रांतील ठेवीदाराचें चित्र थोडें निराळें. हिंदुस्थानांत पोस्टाची बचत-बँक १८८२ सालीं सुरू झाली. तिच्या आवर्ती ठेवींत दरमहा किमान शंभर रुपये याप्रमाणें साठ हप्ते भरावयाचे असतात. येथें माणूस बहुधा टपालानें नव्हे, टपाल-कचेरींत जाऊन खातें उघडतो; पण चेकचा नियम तेथेंही भेटतो. चेक दिल्यास तो वटल्याची तारीख हीच ठेवीची तारीख. खातें पंधरा तारखेपर्यंत उघडलें तर पुढील हप्ते पंधरापर्यंत भरावयाचे. नंतर उघडलें तर महिनाअखेरपर्यंत. चौदा तारखेस दिलेला चेक सोळाला वटला, तर पांच वर्षांच्या हप्त्यांची मुदत बदलते, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं.

शिक्षकाचें पाकीट तोंवर पेटींत पडलें आहे. कांहीं दिवसांनीं पोस्टमन पेढीचें पत्र आणील. त्यांत खात्याचा क्रमांक असेल, कदाचित् पासबुकही असेल. तें पत्र उघडून नांवाचें अक्षर न् अक्षर आणि रकमेचा आंकडा चेकच्या नकलेशीं ताडून पाहावा, आणि मगच तें कपाटांत ठेवावें. पुढचे अकरा हप्ते बँकेस एकदां हुकूम दिला कीं आपोआप जातील. पहिला मात्र त्यानें स्वतःच्या हातानें, स्वतःच्या सहीनें पाठविला आहे, आणि त्याची पोंच येईपर्यंत त्याचें काम पुरें झालेलें नाहीं.