तारामासा पाळायचा? आधी पाणी सांभाळा

दुकानातल्या काचेमागे तारामासा दिसला की तो घरी आणावासा वाटतोच. पळत नाही, आवाज नाही, दिसायला देखणा. 'याला सांभाळायला काय लागतंय?' असं आपण सहज म्हणतो. पण नावावर जाऊ नका. तो मासा नाही. त्याला कल्ले नाहीत, मेंदू नाही, आपल्यासारखं रक्तही नाही.

रक्ताचं बरंचसं काम समुद्राचं पाणीच करतं. पाठीवरच्या चाळणीसारख्या ठिपक्यातून ते आत शिरतं, नळ्यांतून पाचही हातांत फिरतं आणि खालच्या शेकडो नळीपायांत भरतं. त्या पायांवर तो चालतो, काचेला चिकटतो, शिंपला उघडतो. बाहेरच्या पाण्याचा खारेपणा बदलला की त्याच्या आतलाही बदलतो. तो सावरायची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाही. म्हणून गोड्या पाण्यात तारामाशाची एकही जात नाही. आपली दमणगंगा दमणला समुद्राला मिळते खरी, पण तिच्यातून तो सिल्वासापर्यंत कधी येणार नाही.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर, समुद्रासमोरच उभं राहिलं. खडोलीत समुद्र आपणच बनवायचा. दमणहून कॅन भरून आणावेत, तर तिथलं पाणी गढूळ आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणा उतरलेला. त्यापेक्षा आरओच्या पाण्यात अ‍ॅक्वेरियमचं सॉल्ट मिसळावं, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. समुद्रातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यातून मिळत नाही. आणि एक गंमत ध्यानात ठेवा: उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं, मीठ मात्र आतच राहतं. म्हणून रोजची घट भरताना खारं नव्हे, गोडं पाणी घालायचं.

नव्या टाकीत घाणीतून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांची वस्ती जमायला महिना-दीड महिना जातो. माशांना तेवढं पुरतं, तारामाशाला पुरत नाही, कारण खरा प्रश्न पोटाचा आहे. निळा लिंकिया खडकावर जमलेला पातळ थर खातो. वाळूत राहणारा तारा वाळूतले बारीक जीव वेचतो. घरच्या टाकीत हे अन्न काही महिन्यांत संपतं आणि तो हळूहळू उपाशी मरतो. मुळात हालचाल कमी, त्यामुळे आपल्याला कळतं ते हात झडायला लागल्यावर. 'चॉकलेट चिप' नावाचा तारा त्या मानाने सोपा. कोलंबीचा तुकडा दिला की पोट बाहेर काढून त्यावर पसरतो. मात्र टाकीत प्रवाळ असेल तर तेही फस्त करतो.

घरी आणल्यावर पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी दोन-तीन तास थेंबथेंब सोडा. त्याला हवेत उचलू नका. माशांसाठी मिळणारं तांब्याचं औषध त्या टाकीत कधीच घालू नका. ते त्याला मारक ठरतं. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या.

माझी टाकी आठ महिन्यांची आहे. तिच्यात खडक आहेत, दोन मासे आहेत, तारामासा अजून नाही. वर्ष पुरं होईस्तोवर खारेपणा एकसारखा राहिला, तर चॉकलेट चिप आणेन. लिंकिया कितीही सुंदर दिसला तरी नाही. ज्याचं जेवण आपल्या घरात तयार होत नाही, त्याला पाहुणा म्हणून बोलावू नये.