पडद्यामागचा प्रकाश

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळचे दूरचित्रवाणी-संच अवजड पेटीसारखे असत व त्यांतील चित्रनळीचा पडदा स्वतःच उजळत असे. आज ठाण्याच्या माजिवडा भागात घरोघरी भिंतीवर सपाट संच दिसतात. त्यांपैकी बहुतेकांचा पडदा द्रवस्फटिकांचा असतो. द्रवस्फटिक चित्र घडवितात. प्रकाश मात्र देत नाहीत. तो मागे बसविलेल्या बारीक दिव्यांच्या पट्ट्यांतून येतो.

म्हणूनच कधी कधी आवाज स्पष्ट येतो, पण पडदा काळाच राहतो. अशा वेळी जाणता कारागीर संच उघडण्याची घाई करीत नाही. खोलीत अंधार करून तो पडद्यावर विजेरीचा झोत तिरपा टाकतो. अंधुक चित्र दिसले, की दोष चित्राचा नसून प्रकाशाचा आहे, हे त्याला कळते. पट्टीतील दिवे माळेसारखे जोडलेले असतात. त्यांतील एक निकामी झाला, तरी सारी माळ विझू शकते. तो बदलला, की संच पुन्हा उजळतो. याउलट, पडद्यावर एकच उभी रेघ कायम दिसत असेल, तर बहुधा पडद्याच्या कडेची सूक्ष्म जोडणी बिघडलेली असते. ती सुधारणे फार कठीण.

मुलांनी मात्र संच कधीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही आतील धारित्रांत ती काही काळ साठून राहते व जबर धक्का देते.

वैद्य आधी रोग ओळखतो, मग औषध देतो. कारागिरानेही तसेच केले, तर एका दिव्यापायी सारा संच भंगारात जात नाही.