परातीतला खड्डा, पोखरणचा खड्डा

बदलापूरजवळच्या चामटोलीत आमच्या अंगणात परवा मी एक परात मांडली. परातीत चाळलेली बारीक वाळू आणि वर पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर. शेजारची चौथीतली पोर हातात गोटी घेऊन टपून बसली होती. "काकू, टाकू?"

"टाक. पण आधी एक वीत उंचीवरून."

आम्ही पट्टीवर २५ सेंटिमीटर मोजले आणि गोटी सोडली. छोटासा वाटीसारखा खड्डा पडला, रुंदी साडेतीन सेंटिमीटर. मग ती स्टुलावर चढली आणि २ मीटरवरून तीच गोटी सोडली. उंची आठपट, म्हणजे गोटीचा जोरही आठपट. खड्डा केवढा झाला असेल? तिचं उत्तर होतं, "पातेल्याएवढा!" पट्टी लावली तर भरला फक्त ६ सेंटिमीटर. दुप्पटसुद्धा नाही!

असं का, ते वाळूला विचारू या. खड्डा दुप्पट रुंद करायचा तर तो लांबीला दुप्पट, रुंदीला दुप्पट आणि खोलीलाही दुप्पट हवा. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठपट वाळू उपसायला हवी. शिवाय ती जास्त उंच उचलून काठाबाहेर फेकायची. सगळा जोर त्यातच खर्च होतो.

आता परातीतून थेट अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात चला. तिथे १९५५ साली जमिनीखाली सुमारे २० मीटरवर एक अणुस्फोट केला, ताकद सुमारे १ किलोटन. एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी या स्फोटकाइतका जोर. खड्डा पडला साधारण ९० मीटर रुंद. पुढे ६ जुलै १९६२ रोजी 'सेडन' नावाचा स्फोट झाला, १०४ किलोटनचा. ताकद शंभरपट, पण खड्डा? सुमारे ३९० मीटर, म्हणजे चौपटीच्या थोडा पुढे. परातीतला हिशोब तिथेही लागू पडला! बदलापूरला येणारी बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरच्या आसपास असते. अशा दीड लोकल सेडनच्या खड्ड्यात आडव्या मावतील. खोली सुमारे १०० मीटर. त्या स्फोटाची किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर फार दूरवर गेली. असा खड्डा पुन्हा कुणी पाडू नये, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडचं उदाहरण राजस्थानातल्या पोखरणचं. १८ मे १९७४ रोजी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी १०७ मीटर खोल स्फोट घडवला. आधी जमीन टेकडीसारखी फुगली, मग खचली. जो खड्डा उरला त्याची त्रिज्या सुमारे ४७ मीटर आणि खोली जेमतेम १० मीटर. उथळ बशीच! स्फोट खूप खोल केला की माती बाहेर उडत नाही, आतल्या आत कोसळते. म्हणून नुसती रुंदी मोजून भागत नाही, आकारही पाहावा लागतो.

पण जिथे पाय ठेवणं धोक्याचं, तिथली खोली कशी मोजायची? विमानातून दोन वेगवेगळ्या जागांवरून फोटो काढतात, आपल्या दोन डोळ्यांसारखे. त्यावरून खोली कळते. दुसरी युक्ती सावलीची, तीच आम्ही अंगणात केली. उन्हं कलली तेव्हा १४ सेंटिमीटरची पेन्सिल उभी धरली, तिची सावली पडली २८. म्हणजे सावली उंचीच्या दुप्पट. तेवढ्यात खड्ड्याच्या काठाची सावली बरोब्बर तळाच्या मध्यावर आली होती, काठापासून ३ सेंटिमीटरवर. मग खोली किती? दीड! चंद्रावरचे खड्डे दुर्बिणीतून असेच मोजले गेले.

परातीतली आणखी एक गंमत पोरीनेच दाखवली. "काकू, खालची वाळू रांगोळीच्या वर आली!" खरंच, काठाभोवती करड्या वाळूचे फराटे उमटले होते. खालचं वर! मोठ्या खड्ड्यांच्या काठावर खडकांचे थर असेच उलटे होऊन पडतात. युजीन शूमेकर या भूवैज्ञानिकांनी नेवाडातल्या अणुस्फोटाच्या खड्ड्याचा काठ तपासला आणि अॅरिझोनातल्या मोठ्या विवराचा काठही. दोन्हीकडे तीच उलथापालथ. ॲरिझोनाचं विवर उल्केनेच पाडलं, याचा तो भक्कम पुरावा ठरला.

तसंच विवर आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, लोणारला. सुमारे १.८ किलोमीटर रुंद, म्हणजे सात लोकल! लोक त्याला ज्वालामुखीचं तोंड समजत. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी तिथल्या खडकात प्रचंड धक्क्यानेच तयार होणारी काच सापडल्याचं जाहीर केलं, आणि उल्केवर शिक्कामोर्तब झालं. आणि ज्या काळ्या कातळात ते विवर पडलंय ना, तोच बेसाल्ट इथे चामटोलीत आमच्या विहिरीच्या तळाशीही आहे.

परात काढा, रांगोळी पसरा, पण गोटी टाकायच्या आधी खड्ड्याच्या रुंदीचा अंदाज वहीत लिहून ठेवा. मोठ्या गोटीने काय होतं, ते मला पत्राने नक्की कळवा.