साथीतली फर्मानं न्यायालयाच्या दारात

17 एप्रिल 2020. टाळेबंदीचा चौथा आठवडा चालू होता. गुजरात सरकारच्या श्रम खात्याने कारखान्यांसाठी एक अधिसूचना काढली. दिवसाला नऊ आणि आठवड्याला 48 तास ही कायद्यातली मर्यादा बाजूला ठेवून बारा आणि 72 तास काम करून घ्यायला तिने मुभा दिली. मजुरीचा घोळ होऊ नये म्हणून कंसात उदाहरणही होतं : आठ तासांचे 80 रुपये असतील, तर बारा तासांचे 120.

त्रैराशिकाने हा हिशेब बिनचूक आहे, कायद्याने नाही. 1948 च्या कारखाना कायद्याप्रमाणे ओव्हरटाइमला दुप्पट दर लागत होता. आठवड्याच्या 48 तासांच्या मर्यादेने दिवसाला वरच्या ठरणाऱ्या चार तासांचे 80 धरले, तर कामगाराच्या हाती 160 पडायला हवेत. म्हणजे सरकारच्याच उदाहरणात कामगाराचे रोजचे 40 रुपये साथीच्या नावाने कापले जात होते.

गुजरात मजदूर सभा ही कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. सरकारची भिस्त कारखाना कायद्याच्या पाचव्या कलमावर होती. ‘सार्वजनिक आणीबाणी’त कारखान्यांना सूट देता येते, असं ते कलम सांगत होतं. पण अशी आणीबाणी कशाला म्हणायचं, हेही त्याच कलमात लिहिलेलं होतं : युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता, आणि त्यामुळे देशाच्या सुरक्षेला निर्माण झालेला गंभीर धोका. साथीने अर्थव्यवस्था कोलमडली, म्हणजे अंतर्गत अशांतताच झाली, असा सरकारी वकिलांचा युक्तिवाद होता. 1 ऑक्टोबर 2020 रोजी न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. के. एम. जोसेफ यांनी तो फेटाळला, अधिसूचना रद्द केली आणि ती निघाल्यापासूनचा ओव्हरटाइम कायद्याच्या दराने द्यायला लावला. मंदीचा सगळा भार मजुराच्या पाठीवर टाकता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. साथीच्या काळातला सर्वांत स्वच्छ निकाल मला हाच वाटतो.

मुळात आपल्या राज्यघटनेत साथीसाठी आणीबाणीची तरतूदच नाही. 352 व्या कलमाखालची आणीबाणी युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र बंड एवढ्यासाठीच आहे. तीही लागली तरी 44 व्या घटनादुरुस्तीनंतर जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काला, म्हणजे 21 व्या कलमाला, हात लावता येत नाही. त्यामुळे 2020 च्या टाळेबंदीचा सगळा डोलारा दोन साध्या कायद्यांवर उभा राहिला. एक 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, दुसरा 1897 चा साथरोग कायदा.

हा दुसरा कायदा जन्मला तो मुंबईच्या प्लेगमुळे. मुळात अवघी चार कलमं. त्यांतलं एक म्हणतं, सरकारला योग्य वाटतील ते उपाय करावेत. शेवटचं म्हणतं, चांगल्या हेतूने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालच्या गोऱ्या सोजिरांनी घराघरांत घुसून झडत्या घेतल्या, त्या याच काळात. पुढे 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, हे महाराष्ट्राला सांगायला नको. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने तोच कायदा पुन्हा बाहेर काढला. फरक एवढाच, की आता त्याच्या डोक्यावर राज्यघटना होती.

ती कामी कशी येते, याचा नमुना म्हणून शूटिंगचा खटला बघण्यासारखा आहे. 30 मे 2020 च्या आदेशाने राज्य सरकारने चित्रीकरणाला परवानगी दिली, पण 65 वर्षांवरच्या कलाकार-कामगारांना सेटवर मज्जाव केला. सत्तर वर्षांचे एक कलाकार मुंबई उच्च न्यायालयात गेले. अभिनयावरच त्यांचं पोट होतं. त्याच वयाचा दुकानदार दुकान उघडू शकत होता, मग नटावरच बंदी का? वृद्धांनी घरी राहावं हा केंद्राचा सल्ला होता. राज्याने त्याची बंदी केली. ती केवळ याच धंद्यात का, याला आधार दाखवा म्हटल्यावर सरकारकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. 7 ऑगस्टला न्या. एस. जे. काथावाला आणि न्या. आर. आय. छागला यांनी ती अट रद्द केली. हेतू चांगला असणं पुरेसं नाही, उपाय त्या हेतूच्या बेताचा हवा आणि सगळ्यांना सारखा हवा, हेच या तपासणीचं सार.

मुंबईच्या लोकलच्या बाबतीत तर कागदच तोकडा निघाला. दोन डोस घेतलेल्यांनाच लोकलचा प्रवास, ही अट 2021 मध्ये ज्या आदेशांनी घातली, ते मुख्य सचिवांनी आपत्ती कायद्याखालच्या राज्य कार्यकारी समितीला विचारात न घेता काढले होते. उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने त्यावर बोट ठेवलं. सरकारने ते आदेश मागे घेतले आणि रीतसर नवा काढला. अट मात्र तशीच राहिली! न्यायालय पद्धत तपासतं, धोरण ठरवत नाही, याचं इतकं ढळढळीत उदाहरण दुसरं मिळणार नाही.

आता दुसरी बाजू. टाळेबंदी लावावी की नको, या मूळ प्रश्नात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हात घातलाच नाही. ते एक वेळ समजण्यासारखं आहे. विषाणूचं गणित न्यायमूर्तींनी सोडवावं अशी अपेक्षा नाही. पण 31 मार्च 2020 रोजी, स्थलांतरित मजुरांचे तांडे अवघ्या देशाने टीव्हीवर पाहिलेले असताना, सकाळी अकराच्या घडीला रस्त्यावर कोणी चालत नाही असं सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं आणि न्यायालयाने ते मानलं. 8 मे रोजी जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले मध्य प्रदेशातले 16 मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली सापडले. आठवड्याने तो विषय निघाला, तेव्हा लोक रुळांवर झोपले तर कोण थांबवणार, असा प्रतिप्रश्न खंडपीठाकडून आला. स्वतःहून दखल घ्यायला 26 मे उजाडला. मजुरांकडून भाडं घेऊ नका हा आदेश 28 मेचा. तोवर अनेकांची पायपीट उरकली होती. हक्क होता, पण तो मागायला वकील लागतो, आणि चालणाऱ्याकडे तो नव्हता. या दोन महिन्यांचं समर्थन मला करता येत नाही.

दुसऱ्या लाटेत मात्र न्यायालयांचा सूर बदललेला दिसला. 30 एप्रिल 2021 च्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की ऑक्सिजन किंवा खाटेसाठी समाजमाध्यमांवर हाक देणाऱ्या नागरिकावर कारवाई केलीत तर तो न्यायालयाचा अवमान समजू. 31 मे रोजी लसीचा हिशेब मागितला. तीच कोविशिल्ड केंद्राला 150 रुपयांना, राज्यांना 300 ला आणि खासगी रुग्णालयांना 600 ला, हे कसं? अर्थसंकल्पातल्या 35 हजार कोटींचं काय केलं? 18 ते 44 वयोगटाला विकतची वाट दाखवणारं धोरण सकृद्दर्शनी मनमानी आणि अतार्किक आहे, असंही नोंदवलं. आठवडाभरात, 7 जूनला, पंतप्रधानांनी 18 वर्षांवरच्या सर्वांसाठी केंद्राकडून मोफत लस जाहीर केली. आदेशामुळेच ती झाली असं सिद्ध करता येणार नाही. पण तारखा समोर आहेत.

सगळीकडे इतकं जमलं नाही. गोवा मेडिकल कॉलेजात पहाटेच्या वेळी ऑक्सिजनचा दाब कमी होऊन रुग्ण दगावत होते. ऑक्सिजनअभावी एकही मृत्यू होता कामा नये, असा आदेश उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 12 मे 2021 ला दिला. त्यानंतरच्या रात्रींतही तिथे माणसं गेलीच. आदेशाने सिलिंडर भरत नाहीत.

30 जून 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आपत्ती कायद्याच्या 12 व्या कलमाखाली कोविडने मृत झालेल्यांच्या वारसांना मदत देणं ही सरकारची मेहेरबानी नसून कर्तव्य आहे. त्यातून पुढे 50 हजार रुपये ठरले. 2 मे 2022 रोजी न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांनी निर्वाळा दिला, की कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतील, पण तेव्हाच्या आकडेवारीवरून लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध समर्थनीय ठरत नाहीत. केंद्राचं लसीकरण धोरण मात्र त्यांनी वैध ठरवलं. लसविरोधकांनी निकालाचा पहिला भाग तेवढा फिरवला.

विधी आयोगाने फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या 286 व्या अहवालात साथरोग कायदा अपुरा असल्याचं सांगून तो सर्वंकष दुरुस्त करावा किंवा नवा आणावा, अशी शिफारस केली. 2020 च्या दुरुस्तीने त्यात प्रामुख्याने आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांसाठी शिक्षा आली. घर सील करताना, रस्ता अडवताना किंवा रोजगार बंद करताना सरकारने लेखी कारण द्यावं, असं बंधन त्या कायद्यात आजही नाही.