चैत्रातली मरळ

फाल्गुन-चैत्रात पाणी उतरू लागले, की गोंदिया जिल्ह्यातल्या तलाव-बोड्यांच्या काठी गळाला बेडकी लावून बसलेली माणसे दिसतात. त्यांना हवी असते मरळ. कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेले नवेगाव बांधासारखे जुने तलाव धानाला पाणी देतात, ढिवर बांधवांना मासळी देतात. मरळ पाण्यावर तोंड काढून हवा घेते, म्हणून थोड्या गढूळ पाण्यातही तगते. पण तिथेच ती सहज सापडते. वाचलेली जोडी पावसाळ्यात काठच्या गवतात अंडी-पिलांची राखण करते. तेव्हा शेतकरी बंधूंनो, खाण्यापुरती मासळी जरूर धरा. मात्र शेवटचा डोह उपसू नका. बियाण्याचे धान कोणी शिजवून खातो का?