धांवत्या मोटारीची पाठ

माघ-फाल्गुनांत चंद्रपुराहून मूलमार्गें गडचिरोलीस जाणाऱ्यानें एक साधी गोष्ट अवश्य पाहावी. रस्त्यावर सागाचीं वाळलेलीं पानें पडलेलीं असतात. मोटार जवळ येते तेव्हां तीं फारशीं हालत नाहींत. परंतु ती निघून गेली कीं तींच पानें उसळतात, गिरक्या घेतात आणि कांहीं अंतर तिच्यामागें धांवतात. असें कां व्हावें? स्पोर्ट्स कार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेगवान मोटारींची पाठ इतक्या काळजीनें कां घडवितात, याचें उत्तर याच प्रश्नांत आहे.

मोटार पुढची हवा दुभंगते, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती हवा मागें पुन्हां मिळावी लागते, हें ध्यानांत येत नाहीं. पाठ एकदम संपली तर हवेस तितक्या त्वरेनें वळतां येत नाहीं. मागें कमी दाबाची पोकळी राहते, तींत भोवरे उठतात, आणि ती मोटारीस मागें ओढते. माशासारखी निमुळती शेपटी हा यावर उत्तम उपाय. पण एवढी लांब शेपटी रस्त्यावरून न्यावी कशी? स्टुटगार्टचे प्राध्यापक वुनिबाल्ड काम्म यांच्या १९३० नंतरच्या संशोधनानें असें दाखविलें कीं, निमुळती होत चाललेली पाठ मध्येंच सरळ छाटली तरी फारसें नुकसान होत नाहीं. १९६२ च्या फेरारी २५० जीटीओची छाटलेली पाठ याच विचाराची.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. कमानदार पाठीवरून हवा वेगानें वाहते, तेथील दाब घटतो आणि मागच्या चाकांवरील भार हलका होतो. पोर्शेनें १९७२ सालींच आपल्या ९११ कॅरेरा आरएस मोटारीस बदकाच्या शेपटीसारखी उचललेली कड दिली होती. परंतु १९९८ सालीं आलेल्या ऑडी टीटीची गोल, गुळगुळीत पाठ अशा कडेवांचून होती. लोकांनीं तिचें रूप वाखाणलें. पण जर्मनीच्या हमरस्त्यांवर भर वेगांत एकाएकीं वळतांना तिचा मागचा भाग सुटूं लागला आणि कांहीं माणसें प्राणांस मुकलीं. तेव्हां कंपनीनें गाड्या परत बोलावून इतर सुधारणांबरोबर पाठीच्या कडेवर एक लहानशी पट्टी बसविली. हाच स्पॉइलर.

आपल्याकडील दिलीप छाब्रिया यांची अवंती ही मोटार २०१२ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत मांडली गेली. तिचें इंजिन आसनांच्या मागें आहे. अशा रचनेंत इंजिनाची उष्णता बाहेर घालविण्याचें कामही पाठीकडे येतें. तेथील झरोके निव्वळ नक्षी नसतात.

हल्लीं कित्येक तरुण साध्या मोटारीवर बाजारांतला उंच पंख बसवितात. हवेचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो. ताशीं ४० किलोमीटरला जो जोर असतो, तो १६० ला सोळापट होतो. म्हणून शहरांतील वेगाला त्या पंखाचें केवळ ओझेंच पदरीं पडतें; आणि अजमावून न बसविलेला पंख भर वेगांत मोटारीचा तोल बिघडवूं शकतो. मोटारीची पाठ सुंदर आहे कीं नाहीं हें डोळे सांगतील; ती चांगली आहे कीं नाहीं हें मात्र वाऱ्यासच विचारावें लागतें.