आठ भावंडांचं घर : सुख सगळ्यांचं, ओझं कुणाचं?

रिश्ता घेऊन आलेली मंडळी चहाचा कप खाली ठेवायच्या आत एक प्रश्न विचारतातच. "भाई-बहन कितने?" उत्तर मोठं आलं की मुलीची आई मनातल्या मनात दोन हिशेब मांडते. पहिला हिशेब असा, की घर भरलेलं आहे, लेक एकटी पडणार नाही, अडीअडचणीला दहा हात धावून येतील. दुसरा असा, की नणंदा किती, दीर किती, खोल्या किती, आणि उद्या वाटणी झाली तर जावयाच्या हातात काय पडणार? दोन्ही हिशेब खरे आहेत. आपल्याकडे बोलताना मात्र लोक एकच हिशेब सांगतात. कुणी म्हणतो, पूर्वीसारखी भरलेली घरं राहिली नाहीत. कुणी म्हणतो, जास्त मुलं म्हणजे गरिबी, विषय संपला.

रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यात आज चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, सहा-सात-आठ भावंडं ही सर्रास गोष्ट होती. आता तसं राहिलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, म्हणजे १९९२-९३ साली, देशातल्या मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ती २.३६ वर आली. म्हणजे तीस वर्षांच्या आत सरासरी दोन मुलं कमी झाली. (निवडणुकीच्या सभांत आपल्या घरांची मोजणी करणाऱ्यांपर्यंत हा आकडा का पोचत नाही, हे त्यांनाच ठाऊक.)

मग विषय जुना झाला का? नाही. उलट आत्ताच तो ऐरणीवर आला आहे. आठ भावंडांत वाढलेली ती पिढी आज चाळीस ते साठ वर्षांची आहे. कुणाचे अब्बा गेले, कुणाचे अंथरुणाला खिळले. घर वाटायचं आहे, दुकान वाटायचं आहे, अम्मी कुणाकडे राहणार ते ठरवायचं आहे. लहानपणी कुणी किती दिलं आणि कुणाला किती मिळालं, हा कधीच न मांडलेला हिशेब आता समोर येतो आहे.

आधी सुखाची बाजू बघू, कारण ती खरी आहे.

आपला तालुका केळीचा. मे-जूनमध्ये वादळ आलं की उभी बाग तासाभरात आडवी होते. ज्याची बाग त्याचं नुकसान दिसतं, पण बाग पडली की घड कापणाऱ्याचं, वाहणाऱ्याचं, ट्रक भरणाऱ्याचंही काम जातं. त्याला नुकसानभरपाई कुणी देत नाही. अशा वेळी चार भावांचं घर तरतं. एक केळीच्या कामावर, दुसऱ्याचं गॅरेज, तिसरा सुरतला, चौथा झेडपीच्या उर्दू शाळेत गुरुजी. चौघांची कमाई एकाच दिवशी बंद पडत नाही. विमा कंपनी हप्ते घेऊन जे करते, ते हे घर हप्त्याशिवाय करतं. ज्याच्याकडे बँकेत तारण ठेवायला काही नाही, त्याच्यासाठी भाऊ हेच तारण.

दवाखान्याचंही तसंच. पेशंट भुसावळ, जळगाव किंवा बऱ्हाणपूरला न्यायचा म्हटलं की गाडीभाड्याइतकाच प्रश्न असतो तो रात्री उशाशी बसायचं कुणी याचा. डबा कोण आणणार, रक्त कोण देणार, घरी मागे राहिलेल्या पोरांना कोण बघणार? एका मुलाच्या घराला या प्रश्नांनी घाम फुटतो. मोठ्या घरात पाळ्या लागतात.

मुलांच्या वाढीतही फायदे आहेत. आपल्याकडे घरात बोलणं एक, शाळा उर्दू, बाजारात तावडी, आणि सरकारी कचेरीत प्रमाण मराठी. धाकट्याला ही मराठी पुस्तकातून कमी आणि मोठ्या भावंडांच्या भांडणातून जास्त येते. वाट बघणं, वाटून खाणं, रुसणं आणि रात्री त्याच अंथरुणावर शेजारी झोपणं, याचा क्लास कुठे लागत नाही. अगदी शिंकांपर्यंत फरक पडतो. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्राचन या ब्रिटिश संशोधकाने सतरा हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना परागकणांच्या अॅलर्जीची सर्दी कमी, असं त्यांना दिसलं. लहानपणी एकमेकांचे जंतू मिळाल्याने शरीर तयार होत असावं, असा त्यांचा अंदाज होता.

सुख असं सगळ्यांत वाटलं जातं. ओझं तसं वाटलं जात नाही. ते ठरावीक माणसांच्या डोक्यावर बसतं. पहिलं अम्मीच्या, मग बडी आपाच्या, मग मोठ्या भावाच्या.

याचं इतिहासातलं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या शेजारीच घडलं. रावेरहून खंडव्याकडच्या गाडीत बसलं की बऱ्हाणपूर येतं. तिथे १७ जून १६३१ रोजी मुमताज महल वारली, चौदाव्या बाळंतपणात. वय ३८, लग्नाला १९ वर्षं. चौदापैकी सातच मुलं मोठी झाली. हिंदुस्थानची मलिका, हाताशी शाही हकीम, तरी शरीराने साथ सोडली. तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत तिला आधी दफन केलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात जनाजा आग्र्याला नेला. ताजमहाल सगळ्यांना माहीत असतो, बऱ्हाणपूर बहुतेकांना नसतं.

पण मला इथे सांगायचं आहे ते तिच्या मोठ्या मुलीबद्दल. जहाँआरा तेव्हा १७ वर्षांची होती. आई गेली आणि शाही जनान्याची जबाबदारी तिच्याकडे आली. आईने ठरवून ठेवलेलं दारा शिकोहचं लग्न १६३३ मध्ये तिच्या देखरेखीखाली पार पडलं. भाऊ गादीसाठी एकमेकांचे गळे कापत होते, तेव्हा समेट घडवायला धडपडली तीच. पुढे कैदेतल्या बापासोबत आग्र्याच्या किल्ल्यात १६६६ पर्यंत राहिली तीच. तिने लग्न केलं नाही. एक गोष्ट मात्र शहाजहानने केली. मुमताजच्या संपत्तीचा निम्मा भाग त्याने जहाँआराला दिला आणि उरलेला निम्मा बाकीच्या मुलांत वाटला. म्हणजे मोठ्या मुलीवर काय पडलं आहे, याची नोंद बापाने घेतली होती.

आपल्या गल्लीतल्या आपाची नोंद कुणी घेतली? पाचवीत असताना कडेवर धाकटा भाऊ, सातवीत चुलीपुढे, आणि पुढची शाळा लांब म्हणून किंवा अम्मीचं पुन्हा बाळंतपण म्हणून आठवीनंतर घरी. तिच्या हातच्या भाकरी खाऊन शिकलेला धाकटा आज पुण्यात नोकरीला आहे. ईदला तो तिला सूट घेऊन देतो, प्रेमाने देतो. पण तिचे जे इयत्तेचे वर्ग गेले ते गेले. मोठ्या भावाचीही तीच गत. चौदाव्या वर्षी अब्बांच्या दुकानात बसला, बाकीच्यांच्या फिया भरल्या, बहिणींची लग्नं केली, स्वतःच्या मुलांची वेळ आली तेव्हा गल्ला रिकामा.

हे फक्त आपल्याकडचं नाही. ब्राझीलमधल्या मुलांवरच्या एका अभ्यासातही आढळलं, की आधी जन्मलेली मुलं कामाला जाण्याची शक्यता जास्त आणि शाळेत असण्याची कमी. उलट नॉर्वेतल्या अख्ख्या लोकसंख्येची माहिती तपासून २००५ मध्ये एक निबंध आला. त्यात जन्माचा क्रम हिशेबात धरल्यावर भावंडांच्या संख्येचा शिक्षणावर जवळजवळ काहीच परिणाम उरला नाही. मला वाटतं, यातलं इंगित साधं आहे. नॉर्वेत शाळा, दवाखाना सरकार बघतं. म्हणून पाचवं मूल पहिल्याच्या वह्या-पुस्तकांचे पैसे खात नाही. आपल्याकडे फी, ट्यूशन, औषध सगळं एकाच खिशातून जातं, त्यामुळे आकडा बोचतो. कोंबडीला तंगड्या दोनच, आणि दस्तरखानावर पोरं सात!

सरकारी कागदही मोठ्या घराला ओळखत नाहीत. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, घरात चार माणसं असोत की बारा. प्राधान्य कार्डावर मात्र माणशी ५ किलो. म्हणून एका चुलीची तीन कार्डं होतात. आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, पण ते कुटुंबाला मिळून. एकाच वर्षी दोघांची ऑपरेशनं निघाली तर ते पुरवून वापरावं लागतं. केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा नियम एका कुटुंबातून दोघांचाच, मग तिसरा हुशार निघाला तरी बाहेर. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, आणि राज्य सरकारच्या नोकरीलाही २००५ पासून लहान कुटुंबाची अट आहे. हे नियम योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद. मूल होण्याआधी ते माहीत असावेत एवढंच.

अम्मीच्या तब्येतीचं काय, याचंही उत्तर अवघड नाही. बाळ झाल्यावर पुढच्या गरोदरपणाआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुरआनच्या सूरह बकरहमध्ये दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षं सांगितली आहे. अंतर ठेवणं म्हणजे दीनच्या बाहेर जाणं, असं समजणाऱ्यांनी इमाम गझाली यांचं 'इह्या'मधलं लग्नाविषयीचं प्रकरण एखाद्या आलिमकडून समजून घ्यावं. आईच्या जिवाची काळजी आणि संसाराची ओढाताण या दोन्ही कारणांनी गर्भ टाळण्याला त्यांनी परवानगीच दिली आहे.

आता वाटणीकडे येऊ. सगळ्यात जास्त घरं इथेच तुटतात.

समजा वडील वारले. मागे बीबी, तीन मुलगे, दोन मुली. दादा-दादी हयात नाहीत, कर्ज फिटलेलं आहे. घर आणि दुकान मिळून किंमत ३२ लाख. बीबीचा आठवा हिस्सा, म्हणजे ४ लाख. उरलेल्या २८ लाखांचे आठ वाटे, प्रत्येक मुलाला दोन आणि मुलीला एक. म्हणजे प्रत्येक मुलाला ७ लाख, प्रत्येक मुलीला साडेतीन लाख. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. प्रत्यक्षात मात्र बहिणींना सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत नेऊन हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते. "लग्नात दिलं ना?" हे उत्तर तयारच असतं. लग्नात केलेला खर्च हा वारशाचा हिस्सा नव्हे. बहीण सही करते कारण तिला माहेर तोडायचं नसतं, आणि तिच्या या भीतीला आपण राजीखुशी म्हणतो.

दुसरी अडचण मोठ्या भावाची. वीस वर्षं दुकान चालवलं, वाढवलं, पण दुकान अब्बांच्या नावावर. वारसा हक्कात त्याच्या वीस वर्षांना जागा नाही. त्याला ७ लाख, आणि कधी दुकानाची पायरी न चढलेल्या धाकट्यालाही ७ लाख. हिंदू कायद्यातली एकत्र कुटुंबाची मालमत्ता ही कल्पना मुस्लिम कायद्यात नाही. चूल एक असली तरी मालकी ज्याची त्याची. वडिलांनी वसीयत करावी म्हटलं तर वारसाच्या नावाने केलेली वसीयत बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. हिबा, म्हणजे हयातीत बक्षीस, देता येतं, पण ताबा खरोखर द्यावा लागतो, कागदावर लिहून चालत नाही. शिवाय एकाच मुलाला बक्षीस देऊ पाहणाऱ्या बापाला हुजूर (स.) यांनी साक्षीदार व्हायला नकार दिला होता, ही हदीसही लक्षात ठेवायला हवी. म्हणून सरळ रस्ता वेगळा आहे. मुलगा धंद्यात बसला त्या दिवसापासून त्याचा पगार ठरवा, नाहीतर भागीदारीचा करार करा. ती त्याच्या कामाची मजुरी आहे, लाड नव्हे, आणि अब्बा ठणठणीत असताना कुणी त्यावर बोटही ठेवणार नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात कडू आहे. मोठ्या घरात एखादा मुलगा बापाच्या आधी जातो. मग दादा वारतात तेव्हा चाचा हयात असल्याने त्या यतीम पोरांना दादांच्या वारशात काहीच मिळत नाही. ज्या घरात वाढली तिथेच ती पाहुणी ठरतात. इजिप्तने १९४६ मध्ये कायदा करून अशा नातवंडांसाठी सक्तीची वसीयत आणली. भारतात तसं नाही, पण दादांना कुणी अडवलेलंही नाही. ही नातवंडं वारस ठरत नाहीत, म्हणून मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत त्यांच्या नावाने वसीयत करता येते आणि तिला चाचांची संमती लागत नाही. वरच्याच हिशेबात ती १० लाख ६६ हजारांपर्यंत जाते. वसीयत तोंडीही चालते, मात्र तोंडी शब्द दादांच्या चाळिसाव्यापर्यंतही टिकत नाहीत. दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ती सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावी, आणि एक प्रत त्या मुलांच्या आईकडे ठेवावी.